निवडून आलेली गाडी

जुनी गाडी बघायला जाताना माणसाने मेहुण्याला बरोबर नेऊ नये. हे मी केजच्या मोंढ्यात पाटी लावून सांगायला तयार आहे. मेहुण्याला गाडीतलं काही कळत नसतं, पण बहिणीच्या सासरी आपलं वजन आहे हे दाखवायचं असतं, आणि त्यासाठी तो टायरला लाथ मारतो. टायरला लाथ मारून काय कळतं, हे एवढी वर्षं या धंद्यात काढूनही मला उमगलेलं नाही. हवा आहे की नाही ते डोळ्यांनीच दिसतं. तरी लाथ बसते, मेहुणा मान हलवून "दम हाय" म्हणतो, आणि घेणारा माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघतो.

मी रशीद मिस्त्री. केजला माझं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. गुडघ्यांनी गाडीखाली जायला नकार दिला तेव्हापासून मी बसल्या जागचं काम धरलं, म्हणजे लोकांना जुन्या गाड्या पारखून द्यायच्या. त्यातही माझं नाव झालं ते मोठ्या गाड्यांसाठी. मोठ्या म्हणजे चारही चाकांना जोर असलेल्या, आत चामड्याच्या सीटा, छताला उघडणारी काच, आणि सीट गरम करायचं बटण. बीड जिल्ह्यात सीट गरम करायचं बटण! आमच्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बसलं की माणूस बसतो त्यापेक्षा लवकर उठतो. कंपनीने या गाड्या वाळवंटासाठी, बर्फासाठी आणि डोंगरासाठी बनवल्या. आमच्याकडे त्या लग्नाला जातात.

पारखायची पद्धत सांगून टाकतो, दिवाळीत कोणी गाडी घेणार असेल तर उपयोगी पडेल. गाडी बघायला सकाळी जायचं आणि न कळवता जायचं. आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, विकणाऱ्याने आपल्या आधीच इंजिन चालू करून ठेवलं होतं. थंड इंजिन उठताना कसं खोकतं ते त्याला आपल्याला ऐकू द्यायचं नसतं. मग धूर बघायचा. निळसर असला तर इंजिन ऑईल पितंय. पांढरा असला आणि थांबतच नसला तर आत पाणी शिरतंय. मग पेडल बघायचे. मीटर सांगतं की गाडी फारशी चाललेली नाही, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असतं. अशा वेळी मी रबराचं ऐकतो.

एक लोहचुंबक माझ्या खिशात कायम असतं. ते चिकटलं तर खाली पत्रा आहे. गळून पडलं तर रंगाखाली लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे, म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली आहे. घाटनांदूरच्या एका गुत्तेदाराची, म्हणजे कंत्राटदाराची, गाडी बघायला गेलो होतो, तिच्या डाव्या बाजूला चुंबक कुठेच धरेना. मी म्हणालो, "शेठ, ह्या बाजूला गाडी हायच न्हाई, नुसता रंग हाय." गुत्तेदाराने चुंबक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमचं चुंबक खराब झालंय."

पण या सगळ्याच्या आधी नाक. दार उघडायचं आणि कोणी काही बोलायच्या आत डोकं घालून वास घ्यायचा. गाडीत अत्तराच्या बाटल्या लोंबत असल्या की तिथे काहीतरी झाकलेलं आहे. पुरात बुडालेल्या गाडीला ओल्या पोत्याचा वास येतो, तो कितीही धुतलं तरी जात नाही. समुद्राकडच्या भागात गाड्या पाण्याखाली जातात. तिथे त्यांना कोणी हात लावत नाही, मग त्या धुऊनपुसून आमच्यासारख्या कोरड्या जिल्ह्यात येतात. बुडालेली गाडी कशी असते हे आमच्याकडे कोणाला माहीत असणार? बुडायला आमच्याकडे पाणी आहे कुठे?

आणि आमच्या जिल्ह्याची म्हणून एक खास खूण आहे, ती गुलालाची. इथली वापरलेली मोठी गाडी उघडली आणि गुलाल निघाला नाही असं सहसा होत नाही. एसीच्या जाळीत, सीटच्या शिवणीत, दाराच्या रबराखाली, कुठेतरी असतोच. आमच्याकडे निवडणूक जिंकली की जेसीबीच्या बकेटमधून गुलाल उधळतात. बदली रद्द झाली तरी उधळतात, जामीन झाला तरी उधळतात. तो एकदा एसीच्या नळीत शिरला की दोन मालक बदलले तरी थोडा थोडा येत राहतो. माझ्या दृष्टीने तो मळ आहे, झटकायचा. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो शकुन असतो. गुलाल निघाला म्हणजे ही गाडी निवडून आलेली आहे, आणि निवडून आलेल्या गाडीत बसणारा निवडून येतो, असं मोठमोठी माणसं मला गंभीर चेहऱ्याने सांगत आलेली आहेत.

त्यात सगळ्यात गंभीर चेहरा बप्पांचा.

बप्पा केज तालुक्यातल्या एका गावचे. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर दोन्ही पार्ट्यांची माणसं माझ्या घरी येतील आणि दोघांना चहा पाजावा लागेल. बप्पांच्या जीपचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे, त्यामुळे घरोबा होता. बप्पा सरपंचकीला दर वेळी उभे राहायचे, दर वेळी पडायचे, आणि पडल्यावर दोष गाडीला द्यायचे. पहिली जीप त्यांनी विकली कारण तिचं तोंड रडकं होतं. दुसरी विकली कारण भाषण चालू असताना तिचं दार कुरकुरलं आणि लोक हसले. मी ते दार ग्रीस लावून देतो म्हणालो होतो. पण बप्पांच्या मते दार विरोधकांना सामील होतं.

यंदा सरपंचपद महिलेला सुटलं. म्हणून उभ्या राहणार होत्या वहिनी, म्हणजे बप्पांच्या घरच्या, शकुंतलाबाई. तसं गावातल्या बॅनरवरून ते चटकन कळत नव्हतं. बॅनरवर बप्पांचा फोटो दरवाजाएवढा होता आणि वहिनींचा कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

बप्पा गॅरेजवर आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले.

"रशीदभाई, ह्या बारीला पडलो तर संपलं. घरातलं राजकारण बंद. देवाम्होरं बोलून आलोय. मला गाडी पाहिजे. मोठी पाहिजे, काळी पाहिजे, आन निवडून आलेली पाहिजे."

"बप्पा, फिट पाहिजे का निवडून आलेली पाहिजे?"

"फिट माणसं काय कमी हायती का गावात? निवडून येतेत का?"

बप्पांनी गाडी हेरूनही ठेवली होती, बाळूशेठच्या शेडमध्ये. बाळूशेठ म्हणजे केजच्या बाहेर पत्र्याच्या शेडखाली जुन्या गाड्या विकणारा, तोंडाने गोड आणि बोलण्यात पाण्यासारखा, ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेणारा. बेत असा होता की फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी शेडवर जायचं, मी गाडी बघून पास करायची, तिथेच नारळ फोडायचा आणि त्याच गाडीत वहिनींना बसवून थेट तहसीलला फॉर्म भरायला जायचं. गावची माणसं काळीपिवळीने, म्हणजे सीटवारी घेणाऱ्या जीपने, आधीच तहसीलसमोर येऊन थांबणार होती. वहिनी त्या काळ्या गाडीतून उतरताना समोरच्या पार्टीने बघायला पाहिजे होतं.

ठरल्या दिवशी मी शेडवर गेलो तर तिथे जत्रा. बप्पा कडक इस्त्रीत, चार-पाच मोटारसायकली, हारांची पिशवी, आणि दिंद्रुडहून खास आलेला बप्पांचा मेहुणा दिलीप. त्याने माझ्यासमोरच टायरला लाथ मारली.

"दम हाय, दाजी," तो बप्पांना म्हणाला.

वहिनी एका बाजूला, हिरवं लुगडं नेसून, फॉर्मची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

गाडी होती मात्र देखणी, हे कबूल केलं पाहिजे. काळी कुळकुळीत, बैलगाडीपेक्षा उंच. मी बॉनेटवर हात ठेवला. भाकरी भाजता आली असती.

"शेठ, गरम कावून हाय?"

"ऊन किती पडलंय मिस्त्री," बाळूशेठ म्हणाला. आम्ही शेडच्या सावलीत उभे होतो.

बप्पांना घाई. ते म्हणाले, आधी उमेदवाराला बसवून बघा, शोभते का. वहिनी पुढे आल्या, पायदानाकडे बघितलं. ते त्यांच्या गुडघ्याच्याही वर. त्यांनी दाराला धरून एक पाय उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला.

तेवढ्यात बाळूशेठला गाडीचं कौतुक सांगायची हुक्की आली. या गाड्यांना खाली लोखंडी पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या असतात. बटण दाबलं की त्या फुगतात आणि अख्खी गाडी वर उचलली जाते, खड्ड्यातून जाताना पोट घासू नये म्हणून. बाळूशेठने आत हात घालून बटण दाबलं. गाडी घुरघुरली आणि वहिनींच्या डोळ्यांदेखत आणखी वीतभर वर गेली.

"अगं बया," वहिनी म्हणाल्या, "ही तर पळायलीय!"

मग टोमॅटोचं प्लॅस्टिकचं कॅरेट आणलं, ते पालथं घातलं, त्यावर वहिनी चढल्या आणि दिलीपने मागून आधार देऊन बहिणीला आत बसवलं. वर बसल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "घरोघर हिंडायचं तर हे कॅरेट घेऊन कोण हिंडणार हाय?"

"सवय होईल," बप्पा म्हणाले. ते एसीच्या जाळीत बोट घालून बघत होते. गुलाल निघत नव्हता आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता.

मी नाक आत घातलं. पहिल्यांदा मोगऱ्याचं अत्तर आलं, डोकं उठवणारं. मोगऱ्याच्या मागे ओलं पोतं होतं. मग मी सीटचा पट्टा धरला. पट्टा आपण नेहमी निम्माच ओढतो. उरलेला आत गुंडाळलेला राहतो आणि धुताना त्याची आठवण कोणाला होत नाही. मी तो अगदी शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ काळा होता, आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर लाल, बारीक, सुकलेला थर.

मी तोंड उघडायच्या आत दिलीपने माझ्या खांद्यावरून बघितलं आणि किंचाळला.

"गुलाल! दाजी, गुलाल! गाडी निवडून आलेली हाय!"

एकच गिल्ला झाला. कोणीतरी बॉनेटवर हार टाकला. बप्पांनी पट्टा हातात घेऊन डोळ्यांना लावला. बाळूशेठ क्षणभर गोंधळला, कारण गुलालाबद्दल त्यालाही काही ठाऊक नव्हतं, पण तो फार वेळ गोंधळून राहणारा माणूस नव्हे.

"मी कवाच सांगणार होतो," तो म्हणाला. "कोकणातल्या साहेबांची गाडी. झेडपीला निवडून आलते."

"कोकणातल्या" हा शब्द ऐकून माझी उरलीसुरली शंका गेली.

"बप्पा, हा गुलाल न्हाई, माती हाय. कोकणात माती अशीच लाल असती. ही गाडी पुरात सीटपोत्तर बुडालेली हाय. पाणी गेलं, गाळ पट्ट्यात ऱ्हायला."

"कोकणात गुलाल उधळत न्हाईत का?"

"उधळतेत. पण पट्ट्याच्या आत शिरून कोण उधळतंय?"

बप्पांनी विचार केला. "लई मतानं आला आसंल," ते म्हणाले.

मी त्यांचा पांढरा रुमाल मागून घेतला, त्यावर तो थर घासला आणि बाटलीतलं पाणी ओतलं. गुलाल असता तर रुमाल गुलाबी झाला असता आणि फाटेपर्यंत गुलाबी राहिला असता. इथे चिखल झाला आणि पाण्याबरोबर वाहून गेला. मी रुमाल सगळ्यांपुढे धरला.

"जुना गुलाल हाय मिस्त्री, उतरलाय," दिलीप म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तोवर बाळूशेठच्या बोलण्यात ते कोकणातले साहेब झेडपीतून उठून आमदारकीपर्यंत पोचले होते.

मी सीटखाली हात घातला. या गाड्यांचा मेंदू तिथे एका डबीत असतो. काचा, दिवे, हॉर्न, हवेच्या पिशव्या, सगळ्यांना हुकूम तिथून सुटतात. डबीचे स्क्रू गंजून लाल झाले होते, तो मात्र गुलाल आहे असं कोणी म्हणालं नाही. मी बप्पांना सांगितलं की ही डबी एकदा पाण्यात राहिली की गाडी मनाला येईल तशी वागते. नका घेऊ. बप्पा ऐकत होते, पण त्यांचे डोळे पट्ट्यावर होते. नारळ फुटला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली गेली.

वर बसलेल्या वहिनींनी मला हळूच विचारलं, "रशीदभाई, बंद पडंल का?"

"पडंल, वैनी. कवा ते सांगता येत न्हाई."

त्यांनी पिशवीतले कागद नीट केले. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. एवढ्या घोळक्यात गाडीची विचारपूस त्या एकट्याच करत होत्या.

मी म्हणालो, निदान आधी शेताच्या बांधावरून ट्रायल घेऊ. बप्पा म्हणाले, तहसीलला जाता जाता ट्रायल बी होईल आन फॉर्म बी. चालवायला दिलीप निघाला. त्याला चाकाशी बसवण्यापेक्षा मीच बसलो. शेजारी बाळूशेठ, मागे बप्पा आणि वहिनी. दिलीप मध्ये उभा राहिला आणि छताची काच उघडून पोटापर्यंत बाहेर निघाला. मोठी गाडी मिळाली की आमच्याकडे एक माणूस वर निघतोच. लिंबं चिरडली, मोटारसायकली मागे लागल्या, मिरवणूक निघाली.

इंजिन सुरेख चाललं होतं, खोटं कशाला बोलू. मला क्षणभर वाटलंही की पोचू. पण बसस्टँडच्या अलीकडे गाडीचा वायपर आपोआप सुरू झाला. कडक ऊन पडलेलं, आणि वायपर जोरात. पाठोपाठ काचेवर पाण्याची चिळकांडी उडाली, ती वाऱ्याने वर दिलीपच्या तोंडावर.

"पाऊस आला का रे?" दिलीप वरून ओरडला.

त्यानंतर हॉर्न लागला तो थांबेचना. बाळूशेठने एक बटण दाबलं, रेडिओ सुरू झाला. दुसरं दाबलं, सीट गरम व्हायला लागल्या. तिसरं दाबलं आणि छताची काच मिटायला लागली. मी ओरडेपर्यंत ती दिलीपच्या पोटाशी येऊन रुतली आणि तिथेच थांबली. आता त्याला वरही जाता येईना आणि खालीही येता येईना.

हॉर्न वाजवत, भिजलेला माणूस छतावर घेऊन काळी गाडी बाजारातून चालली म्हटल्यावर लोक दुतर्फा थांबले. लोक बघतायत म्हटल्यावर दिलीपला दुसरं काय सुचणार, त्याने हात जोडले. लोकांनीही जोडले. आमच्याकडे गाडीच्या छतातून निघालेला माणूस हात जोडतो तेव्हा तो कोण हे कोणी विचारत नाही. एका हारवाल्याने तर पळत येऊन त्याच्या गळ्यात हार टाकला. खालून त्याचे पाय मात्र लटपटत होते आणि एक पाय बप्पांच्या इस्त्रीवर उमटत होता. बप्पा सीटवर चुळबूळ करत म्हणाले, "रशीदभाई, बूड भाजायलंय."

तहसीलचं फाटक दिसलं. एका बाजूला आमच्या गावची माणसं आणि काळीपिवळीतून आलेल्या बाया, दुसऱ्या बाजूला समोरची पार्टी, फॉर्म भरून नुकतीच बाहेर आलेली. सगळे आमच्याकडे वळले. बप्पांनी टोपी सारखी केली. आणि बरोबर त्या दोन घोळक्यांच्या मधोमध इंजिन बंद पडलं. हॉर्न थांबला. एवढी शांतता झाली की दिलीपचं धापा टाकणं ऐकू आलं.

मग खालून आवाज आला, फुस्स. चारही हवेच्या पिशव्यांनी एकदमच दम सोडला. ती बैलगाडीपेक्षा उंच गाडी, आम्ही आत बसलेले असताना, म्हैस टेकते तशी हळूहळू टेकली आणि पोट रस्त्याला लावून बसली.

समोरच्या पार्टीतून कोणीतरी ओरडलं, "बप्पा, फॉर्म भरायच्या आधीच बसलात व्हय!"

हशा उसळला. बाळूशेठ घाम पुसत म्हणाला, "तहसील बघून नमस्कार करायलीय गाडी." बप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सीटच्या चटक्याने आलेलं नव्हतं.

त्या हशातच मागचं दार उघडलं. वहिनींनी पाय बाहेर काढला. पायदान आता उंबऱ्याएवढंच राहिलं होतं. कॅरेट नाही, कोणाचा आधार नाही, त्या सरळ जमिनीवर उतरल्या, पदर सारखा केला आणि गाडीकडे वळून बघितलं.

"आत्ता कशी शहाण्यावानी बसली," त्या मोठ्याने म्हणाल्या.

हशा पुन्हा उसळला, पण या वेळी त्यात आमच्या बाया होत्या आणि समोरच्या पार्टीतल्याही काही बाया होत्या. वहिनी पिशवी घेऊन चालत निघाल्या. बाया त्यांच्यामागे गेल्या. तहसीलच्या दारापर्यंत तो घोळका बोलत, हसत गेला आणि वेळेत फॉर्म भरला गेला.

मी इकडे दिलीपच्या सुटकेला लागलो. छताच्या काचेला हाताने फिरवायचं एक भोक असतं, दिव्याच्या झाकणामागे. त्यात चावी घालून फिरवत बसावं लागतं. मी खालून फिरवत होतो आणि हा वरून अजून हात जोडत होता. तो सुटून खाली आला तेव्हा त्याच्या गळ्यात बरेच हार होते आणि त्याने मला विचारलं, "मिस्त्री, मी उभा राहिलो असतो तर?"

बप्पा गाडीतच बसून होते. सीट थंड झाली तरी उठले नाहीत.

"रशीदभाई, तो गुलाल न्हवताच तर."

"न्हवता, बप्पा."

"लई वाटलं होतं मला." एवढंच म्हणाले. मग ट्रॅक्टर आणून गाडी शेडवर ओढत नेली. बाळूशेठने पुढे ती कोणाच्या गळ्यात मारली ठाऊक नाही. सध्या ती घाटनांदूरकडच्या एका ढाब्याच्या आवारात उभी आहे आणि ढाबेवाल्याच्या कोंबड्या तिच्या चामड्याच्या सीटवर अंडी घालतात. सीट अधूनमधून आपोआप गरम होते, त्यामुळे पिल्लं चांगली निघतात म्हणे.

या धंद्यात एक सल राहतो. गॅरेजमधलं काम लोकांना दिसतं, बंद गाडी चालू होऊन बाहेर पडते. पारख करणाऱ्याचं चांगलं काम म्हणजे न घेतलेली गाडी, आणि न घेतलेली गाडी कोणाच्या दारात दिसत नाही. हल्ली तर एक डबडं तारेने गाडीला जोडतात आणि ते पडद्यावर सगळे दोष लिहून दाखवतं. चांगलं आहे. पण त्या डबड्याला ओलं पोतं आणि मोगरा कळत नाही, आणि मेहुण्यांना तर ते अजिबात आवरत नाही.

पुढे प्रचारभर वहिनी बायांबरोबर त्याच काळीपिवळीने फिरल्या. गाडीची गोष्ट त्यांच्या आधीच घराघरांत पोचलेली असायची. लोक हसू दाबून दार उघडायचे, तर वहिनी स्वतःच सुरू करायच्या, "आमच्या मालकांनी माझ्यासाठी अशी गाडी बघितली, की मला चढंना म्हणून तीच खाली बसली." घर हसायचं, चहा व्हायचा, मग पाण्याचं आणि नालीचं बोलणं निघायचं. विरोधकांनी ती गोष्ट थट्टेसाठी पसरवली होती आणि ती त्यांच्याच हातून निसटली. वहिनी चांगल्या मतांनी निवडून आल्या. जेसीबी आला, आणि काळीपिवळीवर एवढा गुलाल पडला की तिचा काळाही गेला आणि पिवळाही.

काही दिवसांनी बप्पांचा फोन आला. गाडी बघायला या म्हणाले, गावातच आहे. मी मनात म्हटलं, आता हे कुठला नवा रानगाडा घेतायत. जाऊन बघतो तर ग्रामपंचायतीसमोर ती काळीपिवळी उभी. बॉनेट तारेने बांधलेलं, मागचं दार नव्हतंच. ड्रायव्हर बाजूला अवघडून उभा. बप्पांनी खिशातून रुमाल काढला, ओला केला, जीपच्या खिडकीवरून फिरवला आणि माझ्यापुढे धरला. गर्द गुलाबी.

"बगा रशीदभाई. ह्या बारीला मी स्वतः पारखलंय. अस्सल हाय. ही निवडून आलेली गाडी हाय. घेऊन टाकू का?"

तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या दारात वहिनी आल्या. हातात फायली, कपाळाच्या कडेला अजून थोडा गुलाल.

"रशीदभाई, त्येंला सांगा, गाडी न्हाई निवडून आली. मी आले."

"ते खरं गं," बप्पा म्हणाले, "पण बसलीस तर हिच्यातच ना?"

"फॉर्म भरायला कशात बसून गेलते?" वहिनींनी विचारलं. "चालत गेलते. तुमच्याम्होरून गेलते. तुमी तवा तोंड झाकून बसलता."

बप्पांनी रुमालाकडे बघितलं, जीपकडे बघितलं, मग वहिनींकडे बघितलं. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. वहिनींना तालुक्याला बैठकीला जायचं होतं. त्या ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, आणि पुढे दुसरी जागा नव्हती म्हणून बप्पा मागे गेले, दांडीला धरून उभे राहिले. जीप निघाली तेव्हा त्यांनी मला ओरडून विचारलं, "रशीदभाई, इंजिनाचा आवाज कसा वाटतोय?"

गाडीबद्दल बप्पांनी मला विचारलेला तो पहिला शहाणा प्रश्न होता.